भिंतीवरचे बेवारस

मीरा रोडच्या शांतीनगरात काय किंवा भाईंदरच्या साठ फुटी रस्त्यावर काय, ज्या बालवाड्या तळमजल्याच्या गाळ्यांतून विद्यादानाचे पुण्यकर्म करीत असतात, त्यांच्या दर्शनी भिंतीवर शारदेच्या शेजारी, आणि पुष्कळदा तिच्याहून अधिक ऐसपैस, काळ्या वाटोळ्या कानांचा एक उंदीर विराजमान असतो. १९२८ साली ‘स्टीमबोट विली’ या कार्टूनपटातून प्रसिद्धीस आलेले त्याचे मूळ रूप अमेरिकी कायद्याने १ जानेवारी २०२४ रोजी सर्वांस खुले केले खरे, परंतु आमच्या पेंटरांनी असल्या हुकमाची वाट न पाहता ही मोकळीक केव्हाच उपभोगावयास घेतली असून, एका ठिकाणी तर त्यांनी त्या उंदरास मुंगसाचे नाक बहाल केले आहे.

मात्र त्याच भिंतीखाली दप्तर टाकणाऱ्या माझ्या नातीस मी त्याचे चरित्र विचारले, तेव्हा “तो बर्थडेच्या फुग्यावरचा उंदीर” यापलीकडे तिला काही सांगता येईना. देव्हाऱ्यातल्या टाकांची पूजा नित्य व्हावी, पण त्यांतले पूर्वज कोण याचा घरात कोणासच पत्ता नसावा, तशी ही अवस्था.

आज हाच प्रकार टॉम आणि जेरीचा; एके काळी मात्र तसे नव्हते. हॅना आणि बार्बेरा या जोडीने १९४० साली सुरू केलेल्या, सात ऑस्कर पटकावलेल्या या कज्ज्यात संवाद जवळजवळ नसल्यामुळे, १९९५ साली कार्टून नेटवर्क आपल्याकडे अवतरल्यावर आमच्या गावातील गुजराती, मारवाडी, आगरी, उर्दूभाषक आणि उत्तनच्या कोळी घरांतील पोरे दुभाष्यावाचून एकाच क्षणी हसू शकत. नगरपालिकेच्या सभेतही असे मतैक्य क्वचितच झाले असेल.

आमच्या शेजारच्या निवृत्त हेडक्लार्ककाकांची फिर्याद अशी, की जपानी डोरेमॉनने मुलांची अभिरुची भ्रष्ट केली, आमचा रविवार सकाळचा मोगली कसा अस्सल देशी होता! १९९३ साली दूरदर्शनवर आलेला तो मोगली १९८९ सालीच जपानात चितारला गेला होता, हा पुरावा मी दाखल केला. काकांनी तो मुदतबाह्य ठरविला. मग दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास आगकाड्या नाचवून केलेली ‘आगकाड्यांची मौज’ आपण कितीदा पाहिली, असे विचारताच त्यांना रक्तदाबाची गोळी आठवली.

वस्तुतः आमची अभिरुची ही बहुतांशी टंचाईची कन्या होती. एक वाहिनी, एक रविवार आणि चाळीत एकाच बिऱ्हाडी दूरदर्शन संच असला, की समोर येईल ते अभिजात ठरते. अंगठ्याच्या टोकावर ब्रह्मांड लाभलेल्या पिढीवर तशी सक्ती कोणत्या कलमाखाली करावी?

तरीही कर्तव्य म्हणून मी नातीच्या हाती टॉम-जेरीचा एक भाग ठेवला. सात मिनिटे हा अवधी ऐकताच “आजोबा, एवढा मोठा पिक्चर? तुम्ही बघा, संपला की हाक मारा,” असे म्हणून ती खाली खेळावयास गेली. मी हाक मारण्याचे विसरलो, एकामागून एक भाग पाहत राहिलो, आणि सायंकाळी बॅटरी पार संपलेला मोबाइल सूनबाईंच्या हाती आल्यावर, त्या यंत्राच्या अतिवापराबद्दल त्यांनी जे प्रवचन नातीसाठी राखून ठेवले होते, ते विनातक्रार मला ऐकावे लागले.