एक टेक सेफ्टीसाठी

डोंबिवलीपासून डेक्कनपर्यंत कुठल्याही सोसायटीत हल्ली एक गृहस्थ असा असतो, जो भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी, पंखा बंद करून कपड्यांच्या कपाटात जाऊन बसतो. डोक्यावर गोधडी, कानांवर हेडफोन, मांडीवर लॅपटॉप. घरच्यांना याचं काही वाटेनासं झालंय. पाहुण्यांना वाटतं, पण ‘हे व्हीओ करतायत’ असं वहिनींनी सांगितलं की तेही कुजबुजत चहा पितात.

व्हीओ म्हणजे व्हॉइसओव्हर. जाहिराती, माहितीपट, ऐकायच्या कथा, जे येईल त्याला हा आवाज देतो. पूर्वी त्यासाठी अंधेरीच्या स्टुडिओत जावं लागे. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट असे, तो बटणं सांभाळी आणि चुका पोटात घाली. पुढे डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग या अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोघांनी ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि २००० साली ते फुकट वाटलं. त्यांचा हेतू वाईट नसावा. पण तेव्हापासून काचेपलीकडचा तो रेकॉर्डिस्ट याच्याच अंगात आला. बोलायचं यानेच, ‘कट’ म्हणायचं यानेच, आणि ‘कोणी लावलंय याला कामाला’ असं पुटपुटायचंही यानेच.

कपाट का, तर कपडे घुमारा गिळतात. त्यातही वहिनींचा लग्नातला शालू बरोबर माइकच्या मागे टांगलेला लागतो. बारशाला जायला त्यांनी तो काढला की त्या दिवशीचा आवाज ‘पोकळ’ येतो, आणि तसं तो बोलून दाखवतो. माइकपुढे भरतकामाच्या रिंगवर ताणून बसवलेला लांब मोजा असतो. कारण मराठीत फ आणि भ आहेत. ‘भाऊ’ म्हटलं की माइकवर वाऱ्याचा धपका बसतो, आणि बियाण्यांच्या जाहिरातीत दर दोन वाक्यांना एक भाऊ असतो.

खरा शत्रू मात्र बाहेरचा. ऑडिओबुकवाले मागतात ते असं: आवाजाचं शिखर उणे ३ डेसिबलच्या वर नको आणि शांतता उणे ६०च्या खाली हवी. उणे ६० डेसिबल शांतता आपल्याकडे कुठे मिळते ते मला ठाऊक नाही. कुकर, भंगारवाला आणि वरच्या मजल्यावरचं मिक्सर यांच्या पट्ट्यात तरी नाही. म्हणून हा फ्रिज बंद करतो. मग टेकच्या नादात तो चालू करायचा राहतो आणि रात्री संपवून टाकायचं म्हणून सगळ्यांना वाडग्यातून आइस्क्रीम प्यावं लागतं.

यावर सॉफ्टवेअरकडे एक इलाज आहे. नुसत्या शांततेचा छोटा तुकडा रेकॉर्ड करायचा, ‘हा गोंगाट’ असं त्याला ओळखायला शिकवायचं, की तो गोंगाट ते सगळ्या फाइलमधून पुसून काढतं. तेव्हा घरात फर्मान सुटतं, “पाच सेकंद कुणी हलू नका!” एरवी दुपारभर न बोलणाऱ्या आईंना नेमकं त्याच पाच सेकंदांत आठवतं, “अरे, दळण आणलंस का?” सॉफ्टवेअर आज्ञाधारक. ते आईंचा आवाज गोंगाट म्हणून शिकून घेतं. आणि लेकाच्या आवाजात आईचा आवाज उतरलेलाच असल्यामुळे त्याचाही निम्मा पुसून टाकतं. उरलेला निम्मा पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो.

बोलताना अडखळलं की तो टाळी वाजवतो. पडद्यावरच्या निळ्या लाटेत टाळीचा सुळका उभा राहतो आणि चूक कुठे झाली ते नंतर चटकन सापडतं. युक्ती नामी आहे, फक्त ती कपाटातच राहायला हवी. एकदा सांत्वनाला गेलेला असताना ‘फार मोठा माणूस गेला’ या वाक्यात त्याची जीभ अडखळली आणि भरल्या घरात त्याने खणखणीत टाळी वाजवली. वर तेच वाक्य पहिल्यापासून, जास्त गहिवरून म्हटलं.

क्लायंटच्या सूचना हा वेगळाच ताप. “सर, जरा नॅचरल.” “सर, हसत म्हणा, पण हसू ऐकू येऊ नये.” संहिता रातोरात हिंदीतून ‘मराठी केलेली’ असते. ‘आपल्या परिवाराच्या मुस्कानसाठी’ हे वाक्य नॅचरल म्हणणारा नट रंगभूमीवरही झाला नसेल. हा ते सात तऱ्हांनी म्हणतो, आठवी तऱ्हा सेफ्टीसाठी ठेवतो, आणि क्लायंट पहिलीच उचलतो.

संवाद असले की शेजारीही कामाला लागतात. कथेत सावकार आणि कर्जदार असले तर दोन्ही हाच. पण आवाज बदलायचा म्हणून आधी कर्जदाराची सगळी वाक्यं एका दमात, सावकार उद्या. त्यामुळे भिंतीपलीकडे रात्री अकराला एवढंच ऐकू येतं: “मारू नका, देतो पैसे!” मग टाळी. पुन्हा, जरा रडवेलं: “मारू नका, देतो पैसे!” पुन्हा टाळी. शेजारच्या काकांनी टाळ्या मोजल्या, काठी घेतली, वॉचमनला घेतलं आणि येऊन बेलवर बोट दाबून धरलं.

दार उघडलं. गोधडी पांघरलेला, घामाने निथळणारा कर्जदार समोर.

“काका, थांबा! सावकार येतो तिथे मला अशीच बेल हवी होती. परत वाजवता? दार लोटतो, मी म्हटलं की वाजवा.”

काकांनी वॉचमनकडे पाहिलं. मग काठी त्याच्या हातात दिली, घसा साफ केला आणि विचारलं, “मघाचीच देऊ, की थोडी रागात?”