मोकळ्या जागेचे पैसे

संगणकाच्या पडद्यावर 1 कोटी 67 लाख 77 हजार 216 रंग दिसू शकतात, असं आमच्या सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून दाखवलं. लाल, हिरवा, निळा. प्रत्येकाच्या 256 छटा आणि तिघांचा गुणाकार. वर्गानं आकडा मुकाट्यानं वहीत उतरवून घेतला. मी आर्णीची. आमच्या गावाचं काम चार रंगांत भागतं: भगवा, निळा, हिरवा आणि वाढदिवसाचा पिवळा. उरलेल्या 1 कोटी 67 लाख 77 हजार 212 रंगांचं करायचं काय, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. पण पहिल्याच दिवशी कुठं विचारायचं, म्हणून गप्प बसले.

शाळेत असताना एलिमेंटरी झाली, इंटरमीजिएट झाली. स्थिरचित्रातला तांब्या, स्मरणचित्रातला बैलबाजार, भूमितीतले ते अष्टकोन, सगळं पार पडून ए ग्रेड आली, तेव्हा घरात ठरलं की पोरगी चित्रकार होणार. बारावीचा निकाल लागल्यावर तर दुसरं काही ठरवण्यासारखं उरलंच नाही. कलाशाळेच्या फाउंडेशनच्या वर्षात कॉम्प्युटरही आहे म्हटल्यावर बाबांचा चेहरा पडला. त्यांचं कृषी केंद्र. खर्च आधी, पीक नंतर, हा हिशेब त्यांना रोजचा. "तुयी एमएस-सीआयटी तं झाली ना वं? मंग आता अजून काय शिकवते थे लोक?" त्यांचंही चूक नव्हतं. 2001 पासून महाराष्ट्रात संगणक म्हणजे एमएस-सीआयटी. माझं सर्टिफिकेट दुकानात कीटकनाशकाच्या कॅलेंडरशेजारी फ्रेम करून लावलेलं होतं. एकदा फ्रेममध्ये बसलेली विद्या परत कशाला शिकायची?

कॉलेजच्या लॅबमध्ये तिघांत एक मशीन. माउस ज्याच्या हाती तो कलाकार, बाकीचे दोघे समीक्षक. मशीन इतक्या म्हाताऱ्या की फोटोशॉपवर क्लिक करून पाण्याची बाटली भरून आणावी, तरी ते उघडतच असायचं. उघडताना पडद्यावर ते बनवणाऱ्यांच्या नावांची यादी दिसते. ती आम्हाला वर्गातल्या हजेरीपेक्षा आधी पाठ झाली. थॉमस नोल आणि जॉन नोल हे सख्खे भाऊ. थॉमस पीएचडी करायला बसला आणि प्रबंध सोडून चित्रांशी खेळत राहिला, जॉन सिनेमाच्या ट्रिकसीनचं काम करायचा. दोघांच्या खटपटीतून 1990 मध्ये फोटोशॉप बाजारात आलं. पीएचडी सोडून असले उद्योग करणाऱ्या मुलाला आर्णीत काय ऐकावं लागलं असतं, ते मी वर्गात अभिनयासह सांगायचे. त्याच यादीत एक नाव होतं, सीतारामन नारायणन. ते दिसलं की आमच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "आपला माणूस!" पुढे कळलं की या सीतारामनचे चाहते जगभर पसरलेले आहेत. त्याला प्रत्यक्ष भेटलेलं कुणी नाही, सगळ्यांनी फक्त नाव वाचलेलं. म्हणजे जगात मशीन सगळ्यांच्याच हळू होत्या तर!

मग यायची लाइन जाण्याची वेळ. ती पाळण्यात आमची विद्युत कंपनी फार शिस्तीची. चित्र रंगात आलं की लाइन गेलीच. कंट्रोल-एस दाबायला सरांना शिकवावं लागलं नाही.

खरी परीक्षा पेन टूलची. पेन नाव ऐकून मला वाटलं, चला, हे तरी आपल्या ओळखीचं. पण या पेननं रेघ ओढता येत नाही. एक ठिपका इथं टाकायचा, दुसरा तिथं. रेघ आपोआप तयार होते, आणि तिला वळवायचं तर ठिपक्याला फुटलेल्या दोन मिशा ओढायच्या. मिशी जरा जास्त ओढली की पोळ्याच्या दिवशी कासरा ताणल्यावर बैल जसा भलत्याच घरात शिरतो, तशी रेघ भलतीकडेच. आमच्या बाकावर आंब्याचं पान काढायला घेतलं होतं, ते तास संपेपर्यंत तंगडीवर गेलं.

या वळणांना बेझिए कर्व्ह म्हणतात. पिएर बेझिए हा रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतला इंजिनिअर. गाडीच्या पत्र्याचे बाक गणितात पकडायला त्यानं 1960 च्या दशकात ही पद्धत वापरली, जगापुढे मांडली आणि नाव झालं. गंमत अशी की त्याच्याआधी, 1959 मध्ये, सित्रोएन या दुसऱ्या कंपनीत पॉल द कास्तेल्जो नावाच्या माणसानं हेच गणित सोडवलं होतं. पण त्याच्या कंपनीनं ते कुलपात ठेवलं. सरांना या गोष्टीचं फार वाईट वाटायचं. मला अजिबात नवल वाटलं नाही. आमच्याकडे मंडप घालतो एक, जेवण वाढतो दुसरा, आणि बोर्डावर ज्याचं नाव छापून येतं कार्यक्रम त्याचा. कास्तेल्जोचं चुकलं ते एवढंच की त्यानं फ्लेक्स लावला नाही.

जादूची कांडी, म्हणजे मॅजिक वाँड, हे त्यामानानं आळशी माणसाचं हत्यार. पांढऱ्या भिंतीपुढे काढलेला फोटो घ्यायचा, भिंतीवर एक टिचकी मारायची की सगळी भिंत निवडली जाते. डिलीट दाबलं की माणूस मोकळा. गृहपाठ होता घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोटो. वर्गातल्या एकानं आजोबांचा आणला. पांढरी भिंत, पांढरी टोपी. कांडीला काय कळणार भिंत कुठं संपते आणि टोपी कुठं सुरू होते! एका क्लिकसरशी आजोबांची टोपी उडाली. दुसऱ्या क्लिकला सदरा गेला. मागं राहिला नुसता संतापलेला चेहरा आणि खिशाचं पेन. सर म्हणाले, टॉलरन्स कमी ठेवा. वर्गात मागून कुणीतरी म्हणालं, "सर, तो आजोबांत पहिलेपासूनच कमी हाये."

मराठीचे हाल वेगळेच. लॅबमधल्या जुन्या फोटोशॉपला देवनागरी यायची, पण आतल्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिपीची सोय चालू करावी लागायची. ती केली नाही तर जोडाक्षरांचे पाय मोडायचे आणि ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढच्याच्या डोक्यावर जाऊन बसायची. 'हार्दिक' लिहावं तर हार एकीकडे, दिक् दुसरीकडे. कोरलड्रॉ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या चालीचे फॉन्ट. एका मशीनवर सुबक दिसणारी पत्रिका दुसऱ्या मशीनवर उघडली की नवरदेवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची खूण. म्हणून या धंद्यात कुणी फाइल पाठवली की पहिला प्रश्न "कर्व्ह केली का?" अक्षरांचं चित्र करून टाकायचं, मग ती मोडत नाहीत. चूकही दुरुस्त होत नाही. 'शुभाशिर्वाद' एकदा कर्व्ह झाला की ब्रह्मदेव आला तरी शिर्वादच.

आता मुद्द्याचं. सरांचं सगळ्यात लाडकं प्रकरण म्हणजे मोकळी जागा. त्यावर बोलताना त्यांचा आवाजच बदलायचा. "डोळ्याला श्वास घेऊ द्या. जे ठेवलं नाही तेही डिझाइनच असतं." मी भारावून गेले. एका पोस्टरवर खालच्या कोपऱ्यात एक छोटंसं कापसाचं बोंड काढलं, बाजूला एक ओळ, बाकी सगळं कोरं. सरांनी ते वर्गाला फिरवून दाखवलं.

सुट्टीत गावी आले आणि हीच विद्या घेऊन एका फ्लेक्सच्या दुकानात बसले. तिथं आतल्या खोलीत मशीन डोकं इकडून तिकडे नेत फ्लेक्स छापत असते, शाईच्या वासानं डोळे चुरचुरतात, आणि बाहेरच्या बाकावर भावी नगरसेवक चहा पीत बसलेले असतात. भावी शब्दाला आमच्याकडे मुदत नाही. अरुणावतीच्या पुलापासून बसस्टँडपर्यंत गेलात तर भूत आणि वर्तमान मिळून जेवढे नसतील तेवढे भावी वाऱ्यावर फडफडताना दिसतील. बाबा कंबलपोष यांच्या यात्रेत तर स्वागताचेच इतके फ्लेक्स की यात्रेकरूंना दर्गा शोधावा लागतो.

फ्लेक्सची रचना कुठल्याही कलाशाळेत शिकवत नाहीत, पण तिचे नियम पक्के. वर गोलांमध्ये महापुरुष. त्यांच्याखाली मुंबई-दिल्लीचे नेते, पदाप्रमाणे आकार. उजव्या हाताला कमरेपासून वर, हात जोडलेले, भाऊ. तळाला पासपोर्ट फोटोंच्या रांगेत शुभेच्छुक. हे फोटो व्हॉट्सॲपवर रात्री उशिरा येतात, आणि निम्मे आधार कार्डावरून काढलेले. सर सांगायचे, छपाईला इंचात 300 ठिपके हवेत. आधार कार्डावरच्या त्या चेहऱ्यात अख्ख्या माणसाचे मिळून तेवढे निघणार नाहीत. तो फूटभर मोठा केला की शुभेच्छुक विटांच्या भिंतीसारखा दिसतो, पण कुणाची तक्रार नसते. तक्रार असते ती मापाची. एकजण दुकानात येऊन म्हणाला, "मायापेक्षा त्याचं डोकं मोठं काऊन?" मी दोन्ही फोटो निवडून उंची दाखवली, एक मिलिमीटरचा फरक नाही. तो पडद्याकडे बघत राहिला. त्याचं म्हणणं मशीन त्या पार्टीची आहे.

रंगांचा तर विषयच नाजूक. पडदा प्रकाशानं रंग करतो, छपाई चार शायांनी, आणि पडद्यावरचा झगझगीत निळा छापताना जांभळ्याकडे झुकतो. पुस्तकात ही एक ओळीची माहिती आहे. 14 एप्रिलच्या आदल्या रात्री ती एका ओळीत मावत नाही. दुकानदार दादा कुठलंही पुस्तक न वाचता सांगायचे, "सायन शंभर ठेव, मॅजेंटा साठच्या वर जाऊ देऊ नको, नाई तं उद्या चौकात आपल्याले निळं-जांभळं करतीन." सरांनी कलर मॅनेजमेंटवर घेतलेल्या तासांपेक्षा हे मला लवकर समजलं.

तर असं असताना एका भाऊंच्या वाढदिवसाचा 10 बाय 8 चा फ्लेक्स माझ्याकडे आला. मी त्यांना एकट्यालाच डावीकडे घेतलं, बाजूला नाव, खाली एक ओळ, आणि उरलेलं आकाश मोकळं. सर बघते तर त्यांनी तोही वर्गात फिरवला असता. भाऊंनी पडद्यापुढे वाकून उजवीकडचा कोरा भाग बोटानं मोजला.

"हे कायचं हाये?"

"मोकळी जागा आहे, भाऊ. त्यामुळं तुमच्यावर नजर जाते."

"चौरस फुटाचा भाव हाये ना तुमचा?"

"हो."

"मंग ऐंशी फुटातले तीस फूट तुमी कायी छापलंच नाई. त्याचे पैसे कापून घ्या."

याला कुठल्या कलाशाळेकडे उत्तर आहे? सरांनी डोळ्याच्या श्वासाचं सांगितलं होतं, तो श्वास कोणत्या दरानं लावायचा ते नव्हतं सांगितलं. दुकानदार दादा बाहेरून ओरडले, "शाई नाई लागली तं काय झालं, फ्लेक्स तं लागला!" भाऊ म्हणाले, कोऱ्या फ्लेक्सचा भाव वेगळा असतो, मले माहीत हाये. बराच वेळ घासाघीस झाली आणि शेवटी तोडगा निघाला तो तीस फुटांत मावतील तेवढे शुभेच्छुक भरण्याचा. माझ्या आकाशात संध्याकाळपर्यंत शेजारचे तीन तांडे आणि एक पतसंस्था येऊन राहिली. खरं सांगायचं तर भाऊंचं गणित मला आजही खोडता येत नाही. ज्याच्या शेतात बांधावरसुद्धा तूर लावतात, त्याला पैसे मोजलेली जागा कोरी सोडायला सांगणारे आपण कोण?

हे सगळं बाकावर बसून ऐकत होते ते आमचे पेंटरकाका. बाबांच्या दुकानाचा बोर्ड त्यांच्याच हातचा. खडूचा दोरा ताणून आखलेला, 'कृषी' ऐसपैस आणि 'केंद्र' शेवटी अंग चोरून उभं. सरांच्या भाषेत कर्निंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, बिघडलेलं. आता ते ब्रश धरत नाहीत. फ्लेक्स लाकडी फ्रेमवर ठोकून देण्याचं काम करतात. त्यांना मी कंट्रोल-झेड दाखवलं. पुसलेलं परत येतं, परत आलेलं पुन्हा पुसता येतं, हे त्यांनी चार-पाचदा करून पाहिलं. "आमच्या टायमाले कंट्रोल-झेड म्हंजे घासलेटचा बोळा," ते म्हणाले. "पन थो ऑइलपेंट सुकायच्या आत मारा लागे. तुमचं हे कवा बी चालते. म्हनूनच तुमच्या डिझाइनले येळ लागते." यावर सरांचं मत घ्यायचं होतं, राहून गेलं.

भाऊंचा फ्लेक्स चौकात चढला. वाढदिवस होऊन गेला तरी तो उतरेना, कारण खाली छापलेल्यांपैकी कुणीच तो उतरवायची जबाबदारी घेईना. आणि त्याच सुमारास दुकानात एक वेगळं गिऱ्हाईक यायला लागलं. यांना छापायचं काही नव्हतं. आमच्याकडे दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघतं, आणि गंजी लावली की पाऊस हटकून येतो. ताडपत्री महाग, जुना फ्लेक्स फुकट, पाणी आत जाऊ देत नाही, टिकतोही दोन हंगाम. चेहरा आत, कोरी बाजू वर. एक शेतकरी आला, पावसाळी चपला बाहेर काढून, अदबीनं. मला वाटलं पोराचं बारसं असेल. त्यानं चौकाकडे हात करून विचारलं,

"ताई, थो धा बाय आठचा वाढदिवस कवा उतरते? मायं सोयाबीन सोंगून पडलं हाये."