सात दिवस फुकट

फुकट ट्रायल घेणारे नाना तुमच्या सोसायटीतही असतीलच. नसतील तर आमचे घेऊन जा. आठवडाभर फुकट ठेवा, नको वाटले तर परत पाठवा. मात्र परत पाठवायचं बटण कुठे आहे ते मला विचारू नका.

परवा सकाळी सातला नाना दारात उभे. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात चष्मा. "हे बघ, चारशे नव्व्याण्णव गेले. मी कुणाला दिले?"

योगासनांच्या ॲपला दिले होते.

"अरे, पण ते तर एक रुपयाचं होतं!"

होतं ना. पिवळ्याधमक बटणावर ठसठशीत '१ रुपया' लिहिलेलं होतं. त्याच्या खाली, राखाडीवर राखाडी अक्षरांत, सात दिवसांनंतर दर तिमाहीला ४९९ असंही होतं. तो एक रुपया द्यायला नानांनी यूपीआयचा पिन टाकला आणि त्याच पिनने पुढच्या सगळ्या तिमाह्यांना होकार दिला. पिन मागताना पडद्यावर 'ऑटोपे' आणि जास्तीत जास्त किती रक्कम कापली जाईल, दोन्ही दिसतं. पण पिन टाकताना नानांचं लक्ष पडद्यावर नसतं. मागून कोणी बघत नाहीये ना, याच्यावर असतं.

नाना वेंधळे आहेत असं मात्र समजू नका. वीज मंडळाच्या हिशोब खात्यात त्यांची हयात गेली. ट्रायल घेतानाच ती कधी बंद करायची हे ठरलेलं असतं, फक्त ते ठरतं तिथीवर. तारीख त्यांच्या लक्षात राहत नाही, तिथी राहते. लिहून ठेवावं म्हटलं तर घरातल्या कालनिर्णयवर काकूंचा दुधाचा हिशोब असतो आणि त्या चौकोनांत नानांना पेन टेकवायला बंदी आहे. त्यामुळे जिन्यात भेटले की कानावर येतं, "संकष्टीला इंग्रजी संपतंय", "अमावास्येला गझला बंद करायच्यात", "क्रिकेट प्रदोषापर्यंत आहे, बघून घे काय ते."

योगाचं ॲप पंचमीला घेतलं होतं. सात दिवस, म्हणजे द्वादशीला पैसे जाणार. एकादशीला उपवास असल्याने लक्षात राहतंच, तेव्हा सकाळी अंघोळ झाली की बंद करायचं. हिशोब चोख होता. पण त्या पंधरवड्यात दशमी दोन दिवस आली. नाना एकादशीला अंघोळ करून, टॉवेल गुंडाळून मोबाइल उघडतात तो पैसे पहाटेच गेलेले. वृद्धी तिथी कंपनीने धरलीच नव्हती!

नानांनी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक फिरवला आणि पलीकडच्या मुलीला दशमीची वृद्धी समजावून सांगितली. तिने शांतपणे सगळं ऐकून तक्रार नोंदवून घेतली. नाना फोन ठेवून खूश. "मुलगी हुशार आहे. फक्त तिला पंचांग माहीत नाही."

मी म्हटलं, "नाना, पैसे कापायच्या निदान चोवीस तास आधी मेसेज येतो. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ ऑक्टोबर २०२१पासून."

"आला असेल. मी बँकेचे मेसेज उघडत नाही."

"का?"

"पोलिसांनीच सांगितलंय. ज्येष्ठ नागरिक संघात येऊन सांगून गेले, बँकेच्या नावाने काही आलं तर हात लावायचा नाही."

यावर काय बोलणार? एक सरकार मेसेज पाठवतं, दुसरं तो उघडू नका म्हणतं, आणि नाना दोन्ही सरकारांचे आज्ञाधारक नागरिक.

भविष्याच्या ॲपची गोष्ट याहून भारी. वृश्चिक राशीला आर्थिक बाबतीत सावध राहण्याचा इशारा बुधवारी आला आणि गुरुवारी ॲपने स्वतःच १९९ कापून भविष्य खरं करून दाखवलं. नानांनी रागाच्या भरात ॲप मोबाइलमधून काढून टाकलं. पुढच्या महिन्यात, त्याच तिथीच्या आसपास, पुन्हा १९९.

"काढून टाकलंय ना मी?"

तेव्हा मी त्यांना रतिबाचं उदाहरण दिलं. गवळ्याला न सांगता दाराला कुलूप लावून गावाला गेलात, तर पिशवी दारात पडतच राहते आणि बिलही चढत राहतं.

नाना चटकन म्हणाले, "गवळ्याला दारात उभं करून विचारता येतं. ह्याला कुठे उभं करू?"

शेवटी मी ते ॲप पुन्हा उतरवून त्यांच्या हातात दिलं आणि रद्द करायचं बटण शोधायला बसवलं. सेटिंग, त्यात खातं, त्यात योजना, त्यात 'योजना सांभाळा', आणि अगदी तळाशी, लाजत उभं असल्यासारखं, 'रद्द करा'. ते दाबल्यावर दोन पर्याय आले. एक हिरवा: 'मला माझं भाग्य उजळायचं आहे.' दुसरा फिकट: 'नको, मला चांगले दिवस नकोत.' नानांचं बोट हवेतच थांबलं.

"असलं अभद्र मी दाबणार नाही. आणि आज तर अष्टमी."

दाबलं हिरवंच.

अशा क्लृप्त्यांची तेरा प्रकारांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला जाहीर केली आहे. वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं त्यात आहे, नको म्हणणाऱ्याला शरमवणंही आहे. विमानाच्या तिकिटासोबत विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहीन' असं म्हणायला लावायचं, हे उदाहरण त्यातच दिलंय. नानांनी ती यादी छापून आणली आणि सोसायटीच्या फलकावर लावली. पार्किंगच्या नोटिशीवर लावली, म्हणून सेक्रेटरींशी भांडण झालं ते वेगळं.

नानांचं भांडण ही काय चीज आहे ते मी लहानपणी पाहिलंय. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ची. तिच्या महिन्याच्या किराणा वाटपात आमच्या इमारतीच्या गटाचा हिशोब नानांकडे असायचा आणि तूरडाळीचा दाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही. गॅसवाला आला की नाना ताणकाटा घेऊन जिन्यात हजर. सिलिंडरच्या कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन ठोकलेलं असतं. त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवायचे, सिलिंडर काट्याला लटकवायचा आणि सगळ्या शेजाऱ्यांदेखत आकडा मोठ्याने वाचायचा. कमी भरला की सिलिंडर परत. गॅसवाला चिडायचा, मग हसायचा, मग काकूंच्या हातचा चहा पिऊन जायचा. पुढच्या वेळी आमच्या इमारतीला भरलेलाच सिलिंडर यायचा. त्या काट्यावर तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्वयंपाक केला.

आता ऑटोपेला काट्यावर कसं लटकवणार? पलीकडे गॅसवाला नाही, त्याचा आवाजही नाही. 'आम्ही आपली कशी मदत करू शकतो?' असं विचारणारी एक चौकट आहे, आणि तिला आवाज चढवलेला कळत नाही. पन्नास वर्षं कमावलेली विद्या वापरायला माणूसच उरलेला नाही. नाना ट्रायलमागून ट्रायल घेतात ती फुकटाची हाव तर आहेच. पण कधीतरी समोर कोणी सापडेल, ही आशाही त्यात असावी असं मला हल्ली वाटायला लागलंय.

गेल्या रविवारी त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात बैठक बोलावली. प्रत्येकाने आपलं यूपीआय ॲप उघडायचं, त्यातलं 'ऑटोपे' शोधायचं आणि यादी मोठ्याने वाचायची. लाखांत पगार घेणारी मंडळी नानांना हसायला आली होती. एकाचं मुलाच्या बारावीच्या क्लासचं ॲप चालू होतं आणि मुलगा इंजिनिअर होऊन बंगळुरूला नोकरीला लागलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांच्या यादीत लग्न जुळवणारी साइट निघाली. मुलगी बालवाडीत आहे. वहिनींनी तिथेच विचारलं, "मग? आणखी कोणी पसंत पडलं का?"

तरी निम्मे लोक म्हणालेच, "जाऊ द्या हो नाना, १४९ रुपयांसाठी कोण बसतंय?"

नानांनी चष्मा काढला. "माझ्या ४९९वर त्यांचा धंदा चालत नाही. मी बोंब मारून बंद करतो. तुमच्या ह्या 'जाऊ द्या हो'वर त्यांची ऑफिसं उभी आहेत."

कोणी बोललं नाही. पुष्कळांनी मुकाट्याने बरंच काही रद्द केलं.

दुसऱ्या दिवशी फलकावर नानांच्या अक्षरात नोटीस लागली: 'ऑटोपे मार्गदर्शन बैठक दर शुद्ध एकादशीला होईल. पहिली बैठक विनामूल्य होती. यापुढे प्रत्येकी दहा रुपये मेंटेनन्सच्या बिलात लागतील. नको असल्यास नानांना समक्ष भेटून कारण सांगावे.'

समक्ष भेटायला अजून कोणीही गेलेलं नाही.