रोप लहान, फलक महान

हदगाव तालुक्यात मृगाचा भरवसा नाही, पण वृक्षारोपणाचा आहे. आभाळ कोरडं असलं तरी फलक वेळेवर छापून येतो. त्यावर पाहुण्यांचे फोटो मानाप्रमाणे लहानमोठे. रोपाचं नाव मात्र कुठंच नाही. नर्सरीवाल्याने गाडीत काय टाकलं, त्यावर ते ठरतं.

हेतू थोर आहे: लहान मुलांचं मातीशी नातं जोडणे. आता ही मुलं कोणाची? ज्यांच्या घरी कापूस, सोयाबीन, हळद. जी शाळा सुटली की ढोरांना पाणी दाखवतात. काळी माती त्यांच्या चपलेला अशी धरून बसलेली असते की नातं तोडू म्हटलं तरी तुटत नाही. त्यांना पाहुणे विचारतात, “बाळांनो, बी कसं लावतात, माहीत आहे का?” तिसरीतली पोरगी उलट विचारते, “कोणतं, सर? पेरायचं का टोबायचं?” पाहुणे टाळ्या वाजवतात. उत्तर नसलं की टाळ्या वाजवाव्यात, ही सार्वजनिक जीवनातली जुनी रीत आहे.

मग एका रोपाला दहा-बारा मोठे हात लागतात. ज्या हातांसाठी हा खटाटोप, ते मागच्या रांगेत घोषणा देत असतात.

आकड्यांत आपण कधीच मागे नव्हतो. राज्याने २०१६ मध्ये २ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं, पुढे ४, मग १३, आणि २०१९ मध्ये थेट ३३ कोटी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा. म्हणजे पाळण्यातल्या बाळाच्या वाट्यालाही जवळपास तीन झाडं. ५ जून २०२४ ला ‘एक पेड माँ के नाम’ सुरू झालं. रोपासोबत फोटो काढून चढवला की पुण्य जमा. वर्षाने त्याच झाडाचा फोटो मागायला कोणी आलेलं मी तरी पाहिलं नाही.

खरं तर लहान लेकरांना झाडापेक्षा भाजी बरी. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढते, महिनाभरात खुडायला येते. धणे रगडून पेरले तरी कोथिंबीर आठवडा-दहा दिवस घेते. तेवढ्यात निम्मी पोरं माती उकरून ‘उगवलं का’ बघतात. बघू द्यावं. शाळेच्या परसबागेसाठी २०१९ मध्ये केंद्राच्या सूचनाही आल्या: मुलांनी पिकवायचं आणि तेच दुपारच्या जेवणात खायचं. कल्पना इतकी चांगली, की तिची स्पर्धा करावीच लागली. स्पर्धा आली म्हणून समिती आली, समिती येणार म्हणून विटांना गेरू लागला आणि वाफ्यात पाऊल टाकायला पोरांना बंदी झाली. मेथी फुलोऱ्यावर गेली तरी कोणी खुडली नाही. परीक्षण व्हायचं होतं. खिचडी बिनमेथीची शिजली.

आणि मे महिना? शाळेला कुलूप, पारा बेचाळिशीपार, हापशाला नुसता खडखडाट. ‘माझं झाड’ म्हणून पाटी लावलेला विद्यार्थी मामाच्या गावाला. कोणत्या पोराने कोणत्या दिवशी पाणी घालायचं, एवढी साधी पाळी लावायची, तर तिला उद्घाटन नाही, फीत नाही, म्हणून ती लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा खड्डा तयारच असतो. गेल्या वर्षीचाच. खोदाई वाचते, हा या योजनेचा एकमेव सिद्ध झालेला लाभ.

तेव्हा मान्यवरांना एक विनंती. यंदा जूनमध्ये येऊ नका, मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी या. शाल-श्रीफळ आम्ही देऊ. घागर तेवढी भरून आणा.