डिस्कभाऊ

परदेशस्थ मराठी समाजाविषयी लिहिणाऱ्यांनी मंडळाचे अध्यक्ष, हौशी नट आणि विमानतळावर लोणच्याच्या बरणीसाठी हुज्जत घालणारे प्रवासी यांची यथोचित दखल घेतली असली, तरी संगणकाची हार्ड डिस्क परदेशातूनच मागवणारा गृहस्थ मात्र उपेक्षित राहिला आहे. वेलिंग्टनच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवरील पोरिरुआ शहरात, त्यातही जेथील रस्त्यांना नौकानयनातील नावे आहेत त्या व्हिटबी उपनगरात, हा नमुना उत्तम स्थितीत आढळतो. सोयीसाठी त्यास डिस्कभाऊ म्हणावे.

न्यूझीलंडमध्ये राहावे, परंतु तेथे काही विकत घेऊ नये, हा डिस्कभाऊंचा मूळ सिद्धांत होय. पोरिरुआच्या दुकानात एक्स्टर्नल हार्ड डिस्क, म्हणजे संगणकाबाहेर राहून केबलने जोडली जाणारी साठवणीची पेटी, दिसताच ते तिची किंमत आधी अमेरिकी डॉलरमध्ये, मग रुपयांत आणि तरीही संताप शमला नाही तर सिंगापूरच्या डॉलरमध्ये मोजतात. त्यांच्या आयुष्यात एक सुवर्णकाळ होऊन गेला. आयात मालावरील जकात व जीएसटी मिळून ६० न्यूझीलंड डॉलरपेक्षा कमी होत असल्यास सरकार ती रक्कम सोडून देत असे, आणि जीएसटीचा दर १५ टक्के असल्यामुळे, जकात नसलेली जवळपास ४०० डॉलरपर्यंतची वस्तू करावाचून घरी येत असे. १ डिसेंबर २०१९ पासून मात्र १,००० डॉलरपर्यंतच्या मालावरचा जीएसटी परदेशातील मोठ्या विक्रेत्यांनीच वसूल करून भरावा असा नियम झाला. जुने पुणेकर पानशेतच्या पुराविषयी ज्या स्वरात बोलतात, त्याच स्वरात डिस्कभाऊ या तारखेविषयी बोलतात.

तेव्हापासून त्यांची भिस्त आप्तेष्टांवर आहे. न्यू जर्सीचा भाचा, सिंगापूरच्या सिम लिम स्क्वेअरमध्ये सहा तासांच्या मुक्कामात धाडला जाणारा मित्र आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करणारे मेहुणे, असे हे जाळे असून, त्यातून आलेल्या प्रत्येक डिस्कसोबत त्या त्या देशाची पिन येते. अमेरिकेची पिन दोन समांतर चपट्या पात्यांची, सिंगापूरची ब्रिटिश धर्तीची तीन चौकोनी पिनांची आणि भारताची तीन गोल पिनांची. न्यूझीलंडच्या सॉकेटला मात्र एकमेकींकडे कललेल्या दोन चपट्या पिना आणि त्यांच्याखाली अर्थिंगची एक उभी पिन लागते. अमेरिकी पात्या पक्कडीने पिळून तिरप्या केल्या की त्या तेथे बसतात, हा शोध डिस्कभाऊंनी स्वतःच लावला असे ते सांगतात. न्यूझीलंडमध्ये ही क्लृप्ती जुनीच असून धोकादायकही आहे, कारण अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि येथे २३०ची.

या क्लृप्तीतून ते आजवर सुखरूप सुटले, याचे श्रेय पक्कडीला नसून अडॅप्टरला आहे. भिंतीतील उलटसुलट वाहणाऱ्या, म्हणजे एसी, विजेचे एकाच दिशेने वाहणाऱ्या, म्हणजे डीसी, विजेत रूपांतर करणारी ही छोटी पेटी आजकाल स्विच-मोड पद्धतीची असते आणि तिच्यावर बहुधा ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असे छापलेले असते. तिला पोरिरुआ आणि न्यू जर्सी सारखेच. ट्रॅव्हल अडॅप्टर नावाची वस्तू केवळ पिनेचा आकार बदलते, व्होल्टेज बदलत नाही, हे डिस्कभाऊ प्रत्येक पाहुण्यास बजावतात आणि तेवढ्यापुरते ते बरोबर असतात.

खरा अनर्थ दुसऱ्या टोकाला दबा धरून असतो. साडेतीन इंची डिस्कला मोटर फिरवण्यासाठी १२ व्होल्ट लागतात, जुन्या लॅपटॉपचा चार्जर साधारण १९ व्होल्ट देतो, आणि त्या चार्जरचा गोल जॅक पुष्कळदा डिस्कमध्ये बिनबोभाट बसतो. भिंतीकडे काहीच बसत नाही म्हणून डिस्कभाऊ तेथे तासन्‌तास सावध असतात; डिस्ककडे सर्व काही बसते म्हणून तेथे ते निर्धास्त असतात. “अहो, ही वायर डिस्कचीच ना?” या वहिनींच्या प्रश्नाला “बसली म्हणजे तिचीच” असे शास्त्रीय उत्तर देऊन त्यांनी एकदा चार्जर जोडला आणि घरभर एक वास पसरला. डिस्कच्या सर्किट बोर्डावर बहुधा एक संरक्षक डायोड असतो, जो जादा व्होल्टेज आल्यास स्वतः शॉर्ट होऊन पुढच्या भागांना वाचवतो. त्या डायोडच्या पुण्याईवर नातवाच्या बारशाचे फोटो आज शिल्लक आहेत. त्यांची दुसरी प्रत अर्थातच नव्हती, कारण दुसरी डिस्क स्वस्त होण्याची वाट पाहणे चालू होते.

नवी डिस्क आली की तक्रार ठरलेली. ८ टेराबाइटच्या डिस्कवर विंडोज ७.२७ दाखवते, कारण निर्माता हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४च्या. डिस्कभाऊंच्या मते उरलेला भाग भाच्याने ठेवून घेतला. डिस्क बिघडली तर मात्र तक्रार कोठे करावी हे कळत नाही. ग्राहकास दुरुस्ती, बदली वा परतावा देणारा न्यूझीलंडचा १९९३चा ग्राहक हमी कायदा पोरिरुआच्या दुकानदारास लागू होतो, मेहुण्यांना नाही. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवरच चालते आणि तिला अडॅप्टर लागतच नाही, हे त्यांना ठाऊक आहे. पण तीत प्रत्येक टेराबाइट महाग पडतो.

टपालखर्च, ट्रॅव्हल अडॅप्टर आणि भाच्याला पाठवलेली चकली हिशेबात धरली, तर डिस्कभाऊंनी आजवर काहीही वाचवलेले नाही. तरीही वाचकांपैकी कोणाकडे १२ व्होल्ट, २ अँपिअरचा, जॅकचा मधला भाग धन असलेला अडॅप्टर पडून असेल, तर तो त्यांना अवश्य द्यावा. फक्त त्यावर व्होल्टेजचा आकडा मार्करने ठळक लिहून द्यावा.