स्पेलिंगचा इन्स्पेक्टर

चाकण एमआयडीसीत कुठल्याही वेंडरच्या क्वालिटी डिपार्टमेंटला जा, हा गृहस्थ भेटतोच. खिशात व्हर्नियर, हातात लाल पेन. व्हर्नियरने जॉब मोजायचा, पेनाने माणूस.

भोसरीत तो ट्रेनी होता तेव्हा बरंचसं काम तोंडी निभायचं. 2009 साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, परिसरात परदेशी गिऱ्हाइकं वाढली, रिजेक्शन आलं की एट-डी रिपोर्ट इंग्रजीत धाडायची वेळ आली आणि ह्याच्यातला मास्तर जागा झाला.

पहिलं वैर ब्रेकशी. गाडी थांबवतो तोही ब्रेक, मोडतो तोही ब्रेक. कानाला फरक शून्य. रिपोर्टात शेवटचा 'ई' उडी मारून मधे आला की साहेब ट्रेनीला हाक मारणारच. "बाळा, गाडी थांबवलीस का मोडलीस?"

त्याखालोखाल लूज. ढिल्या बोल्टला दोन 'ओ', हातची ऑर्डर गेली तर एकच. "तू दोन घातलेस. म्हणजे ऑर्डर जाणार नाही, नुसती खुळखुळणार!" मग स्टेशनरी. जागचं न हलणारं मशीन 'ए'चं, कागद-पेन 'ई'चं. एन्व्हलपचा 'ई' ध्यानात ठेवायचा. मला विचाराल तर लूजच्या बाबतीत मी साहेबांच्या बाजूचा. स्टेशनरीचं सोडा. स्पेलिंग कुठलंही लिहा, स्टोअरवाला पेन देत नाही तो नाहीच.

प्रेस शॉपमधली आयटीआयची पोरं ह्या भानगडीत पडत नाहीत. आवाज जरा बदलला की डाय कुठे घासतेय ते त्यांना कळतं. साच्याची डाय 'आय'ने आणि केसांचा डाय 'वाय'ने, हे मात्र सगळ्यांना पाठ आहे, कारण दर सोमवारी साहेबांचं डोकं कोळशासारखं होऊन येतं आणि मशीनमागून कुणीतरी हळूच म्हणतं, "वाय आला रे!"

परवा साहेबांची नजर गेटवरच्या पाटीवर गेली. थांबा म्हणायचं होतं आणि पेंटरने वेट लिहिलं होतं वजनाचं. साहेबांनी तिथल्या तिथे वॉचमनला फैलावर घेतलं. मागे टेम्पोंची रांग पार नाशिक हायवेच्या दिशेने लागलेली. पुढचा ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, "साहेब, राहू द्या की पाटी. काट्यावर नंबर लागेस्तोवर दोन्ही एकच आहे."