पावडरीचे पारखी

राहुरी-राहात्याकडच्या बहुतेक गावांत एक आबा असतात. दूध घरच्या म्हशीचं, साखर कारखान्याच्या सभासद-कार्डावरची, आलं परड्यातलं आणि गवती चहा मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेला. विकत आणायची म्हणून एकच वस्तू उरते, चहापावडर. त्यामुळे आबांचा जगावरचा सगळा संशय तिच्यावर एकवटलेला असतो. विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हाच शेजारी चहाचा मळा का लावला नाही, ही त्यांची जुनी तक्रार आहे. हवापाण्याची कारणं त्यांना पटत नाहीत.

पुडा ते घेत नाहीत. "आत काय भरलंय ते दिसतं का?" पावडर सुटीच, आणि तीही शहरातल्या आडते बाजारातून. शहराचं नाव अहिल्यानगर झालं तरी आबा "नगरला जाऊन येतो" म्हणूनच निघतात. तारकपूरला उतरतात, चालत पेठेत येतात आणि दुकानाच्या पायरीशी चपला काढून आत बैठक मारतात. उभ्या उभ्या घेतात ती हळद.

शेठ पोती उघडतात. आबा चिमूटभर पावडर तळहातावर घेतात, फुंकर मारतात, हुंगतात, उजेडात धरतात. मग खिशातून चुंबक निघतं, नातवाच्या फुटक्या स्पीकरमधलं. लोखंडाचा कीस मिसळलाय का, ते बघायचं. त्यानंतर ओला टीपकागद. त्यावर पावडर टाकली आणि रंग पसरला, तर भेसळ. दोन्ही परीक्षा अगदी खऱ्या आहेत, सरकारी खातंसुद्धा त्याच सांगतं. फक्त मागे ताटकळलेल्या गिऱ्हाइकांना "घाई करू नका, शिकून घ्या" असं खातं सांगत नाही.

"शेठ, हा दाणा मागच्या टायमाचा नाही."

"आबा, त्याच पोत्यातला आहे."

"मग पोतं बदललं असंल."

दाण्यावर त्यांची फार श्रद्धा. बारीक डस्टकडे ते बघतही नाहीत, तो केर. खरं तर असला दाणा कुठल्याच झाडाला लागत नाही. १९३० च्या सुमारास आसामात मॅककर्चर नावाच्या साहेबाने पानं चिरडून, फाडून, वळवणारं यंत्र काढलं, त्याच्या रुळांतून तो बाहेर पडतो. हे ऐकल्यावर आबा म्हणाले, "म्हंजे मुळापासूनच भेसळ म्हणा की!"

त्यांचा एक भाचा यंत्रं बघायला चीनमध्ये ग्वांगझूला जाऊन आला. तिथे फांगत्सुन नावाची अख्खी चहापेठ आहे, हजारो गाळे आणि विकायला नुसता चहा. दुकानदार समोर बसवतो, झाकणाच्या वाटीत चहा करतो, पहिलं पाणी ओतून देतो आणि मग इवल्याशा पेल्यांतून पाजत राहतो. पटला तर घ्या. आबा हरखले. आपला जन्म चुकीच्या तालुक्यात झाला, असं त्यांना वाटलं असावं. "दूध गाईचं का म्हशीचं?" त्यांनी विचारलं. दूध घालतच नाहीत, हे कळल्यावर त्या देशाबद्दल ते पुढे काही बोलले नाहीत.

भाच्याने फुअर चहाची एक चकती आणली होती, ३५७ ग्रॅमची, दाबून घट्ट केलेली. "ही पेंड म्हशीला किती घालायची?" आबांनी विचारलं. हा चहा जितका जुना तितका महाग, असं भाचा सांगायला लागला, तर आबांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. "हळू! शेठच्या कानावर गेलं तर?"

नगरचे शेठ मात्र स्वतः चहा करत नाहीत. चहाची पोती भोवती रचून ते समोरच्या टपरीवरून चहा मागवतात. परवाही मागवला. आबांनी घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला.

"ह्याला म्हंत्यात चहा! कुणाची पावडर वापरतो तो?"

"आमचीच, आबा. कोपऱ्यातली डस्ट. हाटेलवाले तीच नेतात. रंग लवकर उतरतो, कप जास्त निघतात."

आबांनी कप खाली ठेवला. चुंबक खिशात गेलं. मागे कोण उभं आहे ते त्यांनी एकदा वळून पाहिलं आणि शेठच्या कानाशी वाकले.

"दोन किलो बांधा. वर मूठभर दाणा पसरा तेवढा, घरी डबा उघडून बघत्यात."